वेब ॲक्सेस सर्व्हर बसवताना: एका दुपारचं इन्स्टॉलेशन आणि बाकीचं सगळं

आमच्याकडे खरेदी, साठा, बिलांच्या मंजुऱ्या आणि त्यांना जोडलेली कागदपत्रं हे सगळं एकाच मोठ्या ॲप्लिकेशनमध्ये चालतं. त्याचा डेस्कटॉप क्लायंट प्रत्येक मशीनवर टाकावा लागायचा, सर्व्हरची आवृत्ती बदलली की सगळीकडे नव्याने टाकावा लागायचा, आणि बाहेरून काम करणारे रिमोट डेस्कटॉपच्या रांगेत अडकायचे. या ॲप्लिकेशनसाठी ‘वेब ॲक्सेस सर्व्हर’ नावाचा वेगळा घटक मिळतो. तो बसवला की तेच काम ब्राउझरमधून करता येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तो घ्यायचं ठरलं आणि बसवायचं काम माझ्या नावावर आलं.

मी ॲप्लिकेशन सांभाळते. लिनक्सची भीती नाही. पण सर्व्हर देणारी टीम वेगळी, नेटवर्कची वेगळी, सिक्युरिटीची वेगळी, आणि प्रत्येकीचा फॉर्मही वेगळा. जानेवारीच्या मध्यावर सिस्टिम सगळ्यांसाठी खुली झाली. हे लिहितेय ते अशा कुणासाठी, ज्याच्यासमोर आत्ताच एक जाडजूड इन्स्टॉलेशन गाइड येऊन पडली आहे आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये.

गाइडच्या पहिल्या प्रकरणापासून तरी करू नका. आधी शेवटची परिशिष्टं उघडा. त्यात एक तक्ता असतो: कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, कोणती जावा, कोणता टॉमकॅट (जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशनं चालवणारा सर्व्हर), कोणता डेटाबेस ड्रायव्हर यांना पाठिंबा आहे ते सांगणारा. आमच्या तक्त्यात टॉमकॅट ९ होता. सर्व्हर टीमच्या तयार साच्यात मात्र टॉमकॅट १० होता आणि ‘नवीन आहे, चांगलंच आहे’ असा त्यांचा साधा हिशेब होता. एरवी तो बरोबरही असतो. पण टॉमकॅट १० मध्ये कोडमधल्या पॅकेजांची नावं ‘जावाएक्स’ वरून ‘जकार्ता’ वर गेली, त्यामुळे ९ साठी लिहिलेलं ॲप्लिकेशन १० वर जसंच्या तसं चालत नाही. रूपांतर करणारं साधन मिळतं. पण ते वापरलं की उद्या अडचण आल्यावर सपोर्टवाले पहिला प्रश्न त्याचाच काढणार. मी तक्त्याचं पान मागणीच्या तिकिटाला जोडलं आणि ९ मागून घेतला. तक्ता हाताशी असला की वाद दोन ओळींत मिटतो, नसला की बैठक बोलवावी लागते.

त्याच आठवड्यात सगळे अर्ज टाकले. सर्व्हर अजून मिळाला नव्हता, तरी टाकले. या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो मंजुऱ्यांत, आणि त्या एकापाठोपाठ एक घेत बसलात तर वर्ष निघून जाईल. अर्ज होते ते असे: व्हर्च्युअल मशीन, लोक ब्राउझरमध्ये टाइप करतील ते नाव, फायरवॉल, सर्टिफिकेट (सर्व्हर खरंच त्या नावाचा आहे याचा ब्राउझरला दाखवायचा दाखला), सर्व्हिस अकाउंट (माणसाऐवजी ॲप्लिकेशन वापरतं ते खातं) आणि लायसन्स फाइल. यातली लायसन्स फाइल सगळ्यात किरकोळ वाटते आणि सगळ्यात आधी अडवते. आमची फाइल मशीनच्या नावाला आणि नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला बांधलेली होती. व्हर्च्युअल मशीन क्लोन करून दुसरीकडे हलवलं की तो पत्ता बदलू शकतो. म्हणून सर्व्हर टीमकडून लेखी घेतलं की नाव आणि पत्ता आता कायम, आणि मगच लायसन्स मागवलं.

फायरवॉलचा फॉर्म पहिल्यांदा परत आला. त्यात ‘दिशा’ असा रकाना होता, आणि वेब सर्व्हरपासून आतल्या ॲप्लिकेशन सर्व्हरपर्यंतच्या जोडणीचं कारण एका वाक्यात द्या, असा शेरा होता. नेटवर्कवाल्यांचा मुद्दा रास्त होता. बाहेरच्या जगाला दिसणारं मशीन आतल्या मशीनशी बोलणार, तर का आणि कुठल्या पोर्टवर, हे त्यांनी विचारलंच पाहिजे. दुसऱ्या वेळी प्रत्येक जोडणीला स्वतंत्र ओळ दिली. वापरणाऱ्यांकडून वेब सर्व्हरकडे ४४३. वेब सर्व्हरकडून ॲप्लिकेशन सर्व्हरकडे गाइडमध्ये दिलेला पोर्ट. डिरेक्टरीकडे, म्हणजे सगळ्यांची खाती जिथे नोंदलेली असतात तिथे, ६३६. नावं शोधायला ५३ आणि घड्याळ जुळवायला १२३. या शेवटच्या दोन ओळी बरेच जण विसरतात. ‘सगळे पोर्ट’ असं कुठेही लिहू नका. तसा फॉर्म कुणी वाचतसुद्धा नाही.

मंजुरी आली म्हणजे वाट उघडली असं नसतं, ती तपासावी लागते. पिंग करून काही सिद्ध होत नाही, कारण पिंगचा नियम वेगळा आणि पोर्टचा वेगळा. मी सर्व्हरवरूनच कर्ल आणि एनसी या कमांड वापरून एकेक पोर्ट ठोठावला. उत्तरातला फरक नीट बघा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर बहुतेक वेळा तुमचा निरोप समोरच्या मशीनपर्यंत पोहोचलेला असतो, तिथे ऐकायला कुणी नसतं. म्हणजे त्या बाजूची सर्व्हिस बंद आहे. काहीच न होता वेळ संपली, ‘टाइम्ड आउट’ आलं, तर वाटेत कुणीतरी निरोप गिळतंय. फायरवॉलवाल्यांना फोन करा. हे एवढं तिकिटात लिहिलं की ते तिकीट भलत्या टीमकडे भटकत नाही.

सर्टिफिकेटबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच होती. आतल्या सर्टिफिकेट अथॉरिटीचं घेतलं तर खर्च शून्य, पण ते फक्त आपल्या मशीनना ओळखीचं असतं. आमच्याकडे बाहेरचे सल्लागार स्वतःच्या लॅपटॉपवरून आणि फोनवरून येणार होते, म्हणून सार्वजनिक अथॉरिटीचं घ्यायचं ठरलं. वाइल्डकार्ड, म्हणजे एका डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं, महाग पडतं, आणि त्याची गुप्त किल्ली (खासगी की) अनेक मशीनवर फिरवायचा मोह होतो, म्हणून ते नको असं सिक्युरिटीने सांगितलं. खर्चाच्या मंजुरीसाठी मग एकाच नावाचं साधं सर्टिफिकेट लावून धरलं. तिथे पैशापेक्षा कोणत्या खात्याच्या नावावर टाकायचं यावर जास्त दिवस गेले.

खासगी की त्याच सर्व्हरवर तयार करायची आणि तिथून बाहेर काढायची नाही. बाहेर जाते ती फक्त विनंतीची फाइल, जिला सगळे सीएसआर म्हणतात. त्या फाइलमध्ये ‘कॉमन नेम’ भरून थांबू नका. क्रोमने २०१७ मध्ये, ५८ व्या आवृत्तीपासून, कॉमन नेमकडे बघणं बंद केलं. नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या यादीत असावंच लागतं. जुन्या ब्लॉगांवरून उचललेल्या कमांडमध्ये ती यादी नसते, हे लक्षात ठेवा. आणि लोक ऑफिसात जे छोटं नाव टाइप करतात, डोमेनशिवायचं, ते सार्वजनिक सर्टिफिकेटमध्ये टाकता येत नाही. त्यासाठी छोट्या नावावरून पूर्ण नावाकडे वळवण्याची वेगळी सोय आम्ही केली.

सर्टिफिकेट ऑक्टोबरच्या अखेरीस आलं, एका झिप फाइलमध्ये, तीन फायलींच्या रूपात. आपलं सर्टिफिकेट आणि मधल्या अथॉरिटीचं, ही दोन एकाच फाइलमध्ये याच क्रमाने जोडायची. मधलं राहिलं तर फसगत अशी होते की आपल्या मशीनवरचा ब्राउझर तरीही हिरवा कंदील दाखवतो, कारण काही ब्राउझर ते मधलं सर्टिफिकेट स्वतःच मिळवतात किंवा आधीचं जपून ठेवतात. फोन आणि जावात लिहिलेली साधनं मात्र अडतात. म्हणून तपासणी ब्राउझरने न करता ओपनएसएसएलच्या कमांडने करा. ती पूर्ण साखळी छापून दाखवते.

बसवायचं काम प्रत्यक्ष सुरू केलं ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. इन्स्टॉलेशन खरोखर एका दुपारचं काम निघालं. एकच खोच होती: इन्स्टॉलर खिडकी उघडून प्रश्न विचारणारा होता आणि सर्व्हरला स्क्रीनच नव्हती. अशा इन्स्टॉलरना बहुधा मूक पद्धत असते. उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि ती फाइल त्याला द्यायची. ती फाइल जपून ठेवा. चाचणीच्या सर्व्हरवर काय निवडलं होतं हे महिन्याभरानंतर कुणालाच आठवत नाही, ती फाइल मात्र सांगते. फक्त तिच्यात पासवर्ड असतील तर आधी पुसा.

मांडणी नेहमीचीच ठेवली. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, तो ४४३ वर ऐकतो आणि एन्क्रिप्शन सांभाळतो. मागे टॉमकॅट, ८०८० वर, आणि तोही फक्त मशीनच्या आतल्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे बाहेरून थेट कुणी पोहोचूच शकत नाही. टॉमकॅटसाठी स्वतंत्र युजर, रूट नाही. लिनक्सवर १०२४ च्या खालचा पोर्ट घ्यायला एरवी जादा अधिकार लागतात, ते पुढच्या एनजिनएक्सने घ्यावेत आणि ॲप्लिकेशनने साध्या अधिकारांत राहावं. टॉमकॅटसोबत येणारी नमुना ॲप्लिकेशनं आणि मॅनेजरचं पान काढून टाकलं. गाइडमध्ये एजेपी जोडणी (पुढच्या वेब सर्व्हरने टॉमकॅटशी बोलायची एक पद्धत), ८००९ पोर्टवरची, चालू ठेवायला सांगितलं होतं. ते पान जुनं होतं. २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ नावाची त्रुटी उघड झाल्यावर टॉमकॅटने एजेपी मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. आम्हाला तिची गरज नव्हती, ती बंदच राहिली.

संध्याकाळी सर्व्हरवरूनच टॉमकॅटला हाक मारली, लॉगिनचं पान आलं. मग ब्राउझरमधून बाहेरचं नाव टाकलं आणि ५०२, ‘बॅड गेटवे’.

टॉमकॅट चालू, एनजिनएक्स चालू, दोघं एकाच मशीनवर, तरी बोलत नाहीत. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये लिहिलं होतं: ‘१३: परमिशन डिनाइड’. फायलींच्या परवानग्या तपासण्यात आमचा बराच वेळ गेला, कारण हा शब्द वाचला की डोकं तिकडेच धावतं. खरा अडथळा एसईलिनक्सचा, म्हणजे लिनक्सवरच्या जादा सुरक्षा-नियमांच्या थराचा होता. त्याच्या मूळ नियमांनुसार वेब सर्व्हर प्रक्रियेने दुसऱ्या नेटवर्क पोर्टशी जोडणी करायची नसते. मी हाताने कमांड दिली तेव्हा ती चालली, कारण माझ्या शेलवर ते बंधन नाही. ऑडिट लॉगमध्ये नकार स्पष्ट नोंदलेला असतो. ‘एसईलिनक्स बंद करून टाका’ असा सल्ला लगेच मिळाला, इंटरनेटवरही तोच मिळतो. सिक्युरिटीच्या बाईंनी त्याला साफ नकार दिला आणि मला तो पटला. ‘एचटीटीपीडी कॅन नेटवर्क कनेक्ट’ असा एकच स्विच चालू करायचा असतो, सेटसेबूल कमांडने, आणि तो रीस्टार्टनंतरही टिकावा म्हणून मोठ्या पीचा पर्याय द्यायचा. पान आलं. पण लॉगिन केल्यावर ब्राउझर गोल गोल फिरायला लागला आणि शेवटी ‘खूप वेळा रीडायरेक्ट झालं’ म्हणून थांबला.

या टप्प्यावर मला कामाचं खरं स्वरूप कळलं. मागे बसलेल्या टॉमकॅटला बाहेरचं जग दिसतच नाही. त्याला फक्त एनजिनएक्स दिसतो, साध्या एचटीटीपीवर, १२७.०.०.१ कडून आलेला. त्यामुळे ॲप्लिकेशन म्हणतं, ‘ही जोडणी सुरक्षित नाही, एचटीटीपीएसवर या.’ ब्राउझर बिचारा आधीपासून तिथेच असतो, पुन्हा येतो, पुन्हा तेच ऐकतो. उपाय असा की एनजिनएक्सने पुढे पाठवताना ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’, ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ आणि मूळ ‘होस्ट’ हे हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) जोडायचे, आणि टॉमकॅटमध्ये ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ बसवून ते मानायला सांगायचं. मानायचे तेही फक्त आपल्या प्रॉक्सीकडून, म्हणजे पुढे बसलेल्या एनजिनएक्सकडून, आले तरच. नाहीतर कुणीही स्वतःचा पत्ता खोटा सांगू शकेल.

लूप थांबला तरी याचेच अवशेष दोन आठवडे सापडत राहिले. होस्ट हेडर एका जागी सुटला होता, त्यामुळे मंजुरीच्या ईमेलमधल्या लिंक ‘लोकलहोस्ट’कडे बोट दाखवत होत्या. ऑडिटच्या नोंदीत सगळ्यांचा पत्ता १२७.०.०.१ दिसत होता, आणि ऑडिटवाल्यांना तो मुळीच आवडला नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर ॲप्लिकेशनच्या नोंदी सुधारल्या. टॉमकॅटच्या ॲक्सेस लॉगला मात्र खरा पत्ता छापायला वेगळं सांगावं लागतं. तुम्ही हे करत असाल तर चाचणीच्या यादीत ‘ईमेलमधली लिंक उघडून पाहा’ हे जरूर टाका. लॉगिन झालं म्हणून सगळं जुळलं असं मानण्याची घाई सगळ्यांनाच असते.

त्यानंतर सिंगल साइन-ऑन. आतल्या लोकांना पासवर्ड न विचारता प्रवेश मिळावा, ही अट मूळ प्रस्तावात होती. त्यासाठी कर्बेरॉस, म्हणजे पासवर्डऐवजी डिजिटल तिकिटावर ओळख पटवणारी पद्धत. डिरेक्टरी टीमने सर्व्हिस अकाउंटला आमच्या नावाचा एसपीएन (सर्व्हिसचं डिरेक्टरीत नोंदलेलं नाव) जोडला आणि कीटॅब फाइल दिली, जिच्यात त्या अकाउंटची गुप्त किल्ली असते. हे नाव म्हणजे लोक टाइप करतात तेच पूर्ण नाव, मशीनचं अंतर्गत नाव नव्हे. एकच एसपीएन दोन अकाउंटना जोडला गेला तर लॉगिन कारण न सांगता पडतं, म्हणून आधी तो कुठे वापरलेला नाही ना ते त्यांच्याकडून तपासून घ्या. घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला तरी कर्बेरॉस नकार देतो. १२३ पोर्टची ओळ फॉर्ममध्ये हवी ती यासाठी. आणि सर्व्हिस अकाउंटचा पासवर्ड बदलला की जुनी कीटॅब निकामी होते. तो पासवर्ड ठरावीक मुदतीने आपोआप बदलायचं धोरण आमच्याकडे होतं. त्यातून सवलत मिळवायचा अर्ज हा या सगळ्यातला सर्वात लांबलेला कागद ठरला. धोरण मोडायला कुणी तयार नव्हतं, आणि शेवटी बदलाची तारीख आधी कळवून नवी कीटॅब देण्याची लेखी पद्धत ठरली. ती सवलतीपेक्षा चांगलीच आहे.

चाचणीत आमचं सगळ्यांचं लॉगिन झालं. विभागप्रमुखांचं झालं नाही. त्यांच्या स्क्रीनवर ४००, ‘बॅड रिक्वेस्ट’. ज्यांची सही हवी नेमके तेच बाहेर. कारण सापडल्यावर हसू आलं: कर्बेरॉसच्या तिकिटात माणूस ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे त्यांची माहिती असते, आणि जुनी वरिष्ठ माणसं वर्षानुवर्षांत असंख्य ग्रुपमध्ये घातली गेलेली असतात. तिकीट फुगतं, हेडर फुगतो, आणि टॉमकॅटची हेडरची मूळ मर्यादा ८ केबी. एनजिनएक्सच्या बफरलाही तसंच. दोन्हीकडे आकडा वाढवला. एकाच ठिकाणी वाढवून चालत नाही, चूक फक्त पुढच्या थराकडे सरकते. तेव्हापासून चाचणीसाठी माणसं निवडताना मी एक नवा कर्मचारी आणि एक सर्वात जुना अधिकारी मुद्दाम घेते.

आकड्यांची ही गंमत पुढेही चालू राहिली. बिलाची स्कॅन प्रत जोडताना ४१३ यायचं, कारण एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठा मजकूर स्वीकारत नाही. तो वाढवला तर ॲप्लिकेशनची स्वतःची मर्यादा निराळी निघाली. मोठा साठा अहवाल ६० सेकंदांनी ५०४ देऊन तुटायचा. तीही एनजिनएक्सची मूळ मुदत. इथे धोका असा की पुढचा थर कंटाळून निघून गेला तरी मागे डेटाबेसमध्ये अहवाल चालूच असतो. माणूस पुन्हा बटण दाबतो, तोच अहवाल दुसऱ्यांदा सुरू होतो. मुदत अमर्याद वाढवण्यापेक्षा मोठे अहवाल रात्रीच्या रांगेत टाकायची सोय ॲप्लिकेशनमध्ये होती, ती चालू केली. पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन आले ते फॉन्ट नसल्यामुळे. सर्व्हरच्या किमान इन्स्टॉलेशनमध्ये फॉन्ट नसतातच. पॅकेज टाकलं, संपलं.

डिसेंबरात वर्षअखेरीची बदलबंदी लागते. त्या काळात प्रत्यक्ष वापरातल्या कुठल्याही सिस्टिमला हात लावायचा नाही. ती आमच्या वेळापत्रकात धरलेली होती, तरी थांबायचं म्हटल्यावर चिडचिड झाली. तो वेळ सिक्युरिटी तपासणीत गेला. टीएलएस या एन्क्रिप्शनच्या प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या बंद आहेत ना, कुकीवर ‘सिक्युअर’ आणि ‘एचटीटीपी ओन्ली’ आहे ना, सर्व्हर आपली आवृत्ती जगाला सांगत नाही ना, असे मुद्दे. पहिले दोन प्रोटोकॉल २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढले गेले, त्यामुळे त्यावर चर्चाच नव्हती. चर्चा झाली ती एचएसटीएसवर. तो हेडर दिला की ब्राउझर ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या नावाशी एचटीटीपीएसशिवाय बोलतच नाही, आणि ते सगळ्यांकडून लगेच परत घेणं आपल्या हातात राहत नाही. तपासणी अहवालात वर्षभराची मुदत सुचवली होती. आम्ही आधी काही तासांची ठेवली, सगळं स्थिर झाल्यावर वाढवली. कारण लिहून दिलं तर तपासणारे मान्य करतात, निदान आमचे झाले.

बदल मंजुरीच्या बैठकीत तांत्रिक प्रश्न जवळपास आलेच नाहीत. ‘बिघडलं तर मागे कसं जाणार, किती वेळात, आणि ते कोण ठरवणार’ एवढंच विचारलं गेलं. आमच्याकडे उत्तर सोपं होतं: डेस्कटॉप क्लायंट तसाच ठेवलेला, डेटाबेसला हात लावलेला नाही, नाव जुन्या पत्त्यावर परत फिरवायचं. त्यासाठी डीएनएसच्या (नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेच्या) नोंदीची टिकण्याची मुदत काही दिवस आधीच कमी करून ठेवली होती. नाहीतर नाव फिरवलं तरी लोकांची मशीन जुनाच पत्ता धरून बसतात.

शनिवारी रात्री बदल केला. मशीन मुद्दाम एकदा पूर्ण रीस्टार्ट केलं, सगळ्या सर्व्हिस आपोआप उठतात का ते पाहायला. रविवार शांत गेला.

सोमवारी अकराच्या सुमारास नवीन लोकांना आत येता येईना: ‘लायसन्स उपलब्ध नाही.’ आमची लायसन्सं एकाच वेळी आत असणाऱ्यांच्या संख्येवर मोजली जातात. डेस्कटॉप क्लायंट बंद केला की जागा मोकळी व्हायची. ब्राउझरचा टॅब बंद केला तर सर्व्हरला ते कळत नाही. सेशनची मुदत संपेपर्यंत ती जागा अडलेली राहते, आणि टॉमकॅटची मूळ मुदत ३० मिनिटं. वरून लगेच प्रश्न आला की जादा लायसन्सं घ्यायची का. ती स्वस्त नाहीत, म्हणून आधी सेशनची मुदत कमी केली आणि ‘बाहेर पडा’ हे बटण पानावर ठळक केलं. लांबलचक फॉर्म भरणाऱ्यांनी कुरकुर केली, आणि ती बरोबर होती. फॉर्म मधेच जपून ठेवायची सोय त्यांना दाखवून दिली. महिन्याअखेरचा ताण पाहून मग थोडीच जादा लायसन्सं मागितली, वापराच्या आलेखासकट, आणि ती मंजूर झाली.

तेव्हापासून लक्ष आहे ते दोन गोष्टींवर. टॉमकॅटची कॅटलिना डॉट आउट ही लॉग फाइल कुणी फिरवली नाही तर वाढतच जाते आणि एक दिवस डिस्क भरते. ती लॉगरोटेटकडे सोपवली. आणि सर्टिफिकेट. आमचं ऑक्टोबर २०२५ चं, त्यामुळे वर्षभराहून थोडं जास्त, तेव्हाच्या ३९८ दिवसांच्या कमाल मर्यादेत बसणारं मिळालं. १५ मार्च २०२६ पासून सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. दर वेळी खर्चाचा अर्ज, तीन सह्या आणि झिप फाइल, असं ४७ दिवसांनी एकदा करणं शक्य नाही, म्हणून आपोआप नूतनीकरणाची व्यवस्था करायचा प्रस्ताव दिला आहे. त्यात एक कलम मी हट्टाने घातलं: नवी फाइल डिस्कवर आली एवढ्याने काम झालं असं धरायचं नाही. एनजिनएक्स रीलोड होईपर्यंत तो जुनंच सर्टिफिकेट देत राहतो. तेव्हा देखरेख करणाऱ्या साधनाने दररोज बाहेरून ४४३ वर जोडणी करून प्रत्यक्ष मिळणाऱ्या सर्टिफिकेटची शेवटची तारीख वाचायची. प्रस्ताव सध्या सिक्युरिटी आणि खरेदी यांच्यामध्ये आहे.